‘वर’ म्हणताना चढणारा आवाज

मंगळवार, ३

आज माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचला. एवढं लिहून पेन ठेवलं, पाणी पिऊन आले, पुन्हा पेन उचललं. सेफ्टीवाले साहेब म्हणाले, “बाई, काय झालं ते आजच लिहा. उद्या मन त्यात भर घालतं.” त्यांना पानभर लिहून दिलं. पण त्या पानात मावलं नाही असं बरंच उरलं, म्हणून लेकीची अर्धी कोरी राहिलेली ही वही काढली.

मी बांधकामावरची उंच क्रेन चालवते. माझा नवरा खाली उभा राहून वॉकीटॉकीवर मला सांगतो, ओझं कुठे न्यायचं, किती उचलायचं, कधी थांबायचं. इमारतीच्या मागच्या बाजूला माल उतरवायचा असला की मला वरून काहीच दिसत नाही. तिथे त्याचा आवाज हेच माझे डोळे. साइटवर सगळे त्याला भोंगा म्हणतात, आणि ते उगीच नाही. ‘वर’ म्हणताना त्याचा आवाज जिना चढतो. ‘खाली’ म्हणताना पार तळघरात उतरतो. ‘सावकाऽऽश’ तो इतकं लांबवतो की तेवढ्यात चहा उकळून होईल. ‘मोठ्ठा’ म्हणताना त्याचे गाल फुगतात. थोडंफार आपण सगळेच असं बोलतो, ‘बारीक’ हा शब्द कोणी गडगडाटी आवाजात म्हणत नाही. पण याचं जरा जास्तच.

काल साइट बंद होती, आणि आज सकाळपासून त्याचा आवाज मलूल येत होता. मला वाटलं वॉकीटॉकीची बॅटरी उतरली असेल. पाइपांची मोळी मागच्या खड्ड्यात सोडत होते. तो सांगत होता, मी सोडत होते. मग तारेला हिसका बसला आणि कोणीतरी किंचाळलं. मोळी परांचीवर जाऊन बसली होती आणि परांचीवर वेल्डर काम करत होता. त्याने उडी मारली म्हणून वाचला. नडगीचं हाड मोडलं.

खाली उतरून नवऱ्याला विचारलं, “थांबवलं का नाहीस मला?”

तो म्हणाला, “मी ‘वर घे’ म्हणालो. तीनदा म्हणालो.”

हे त्याने कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी ते ऐकूनच घेतलं नाही. कारण त्याने ‘वर’ म्हटलेलं नाही. मी त्याचं ‘वर’ झोपेतसुद्धा ओळखेन.

बुधवार, ४

चौकशी होईपर्यंत मला क्रेनवर चढायची मनाई आहे. दोघांनाही घरी बसवलंय. बसा म्हणावं एकमेकांची तोंडं बघत.

सकाळी तो म्हणाला, “तुला काही लागलं नाही ना. मी फार घाबरलो होतो.”

शब्द चांगलेच होते, मी नाही म्हणत नाही. पण म्हणाला कसा, तर दुकानावरची पाटी वाचल्यासारखा. घाबरलेला माणूस असं बोलतो का? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

मला कारण ठाऊक आहे. गेल्या शनिवारी मी त्याला सांगितलं की बंदराच्या कामावर मोठी क्रेन शिकवणार आहेत, मला नाव द्यायचंय. तिथे सिग्नल द्यायला दुसरा माणूस असतो. तो तेव्हा हसला, म्हणाला, “बघू, बघू.” रविवारी डोकं दुखतंय म्हणून दिवसभर पडून राहिला आणि उठला तो असा. हू नाही की चू नाही. म्हणजे डोकंबिकं काही नाही, राग आहे. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं तरी कळतं मला.

जेवणावरही राग काढतोय. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच टाकली. उजवीकडचं चाटूनपुसून साफ. म्हटलं, भाजीने काय घोडं मारलंय तुझं? तर म्हणतो, “भाजी कुठे वाढलीस.” डोळ्यांसमोर होती.

शुक्रवार, ६

आज जे ऐकलं ते अजून खरं वाटत नाही.

सेफ्टीवाल्या साहेबांच्या खोलीत बोलावलं होतं. वॉकीटॉकीवरचं सगळं बोलणं तिथे साठवलेलं असतं. तरुण माणूस आहे, पण अदबीने वागतो. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग त्या वेळचं बोलणं लावलं.

“खाली घे. खाली. वर घे. वर. वर घे.”

स्वच्छ ऐकू आलं. खरखर नाही, आवाज तुटत नाही. ‘वर’ हा शब्द तीनदा आला आणि तीनदाही मी खालीच नेलं. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी पुन्हा लावलं. म्हणजे माझे कान गेले, का डोकं गेलं?

साहेब म्हणाले, “बाई, सांगितलेला शब्द आधी परत म्हणायचा आणि मगच लिव्हरला हात लावायचा, हा नियम आहे. तुम्ही दोघं तो पाळत नाही?”

नियम भिंतीवर होता. आम्हाला कधी गरजच वाटली नाही. तो अर्धा शब्द बोलेपर्यंत माझा हात वळलेला असायचा. वॉकीटॉकी यायच्या आधी तो हातांनीच सांगायचा आणि मी वरून त्याच्या हातांकडे बघायचे. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. बोट आभाळाकडे करून गोल फिरवलं की वर, जमिनीकडे करून फिरवलं की खाली. आणि त्या हातावर दुसरा पंजा न हलवता धरला की तेच, पण सावकाश. तो सावकाशचा पंजा तो इतक्या जपून धरायचा, की मी ओझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघायचे. साइटवर चेष्टा व्हायची.

आणि आज तोच माणूस माझ्या शेजारी बसून साहेबांना म्हणाला, “मी ‘वर’ म्हणालो. तिने खाली नेलं.” एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी त्याच्या डावीकडेच बसले होते, हातभर अंतरावर. परका साक्षीदार तरी जरा चाचरला असता.

घरी येताना रस्ताभर मी चार पावलं पुढेच चालले. त्याला ते खटकलंही नसावं.

रविवार, ८

वेल्डरला बघायला इस्पितळात गेलो. जायचं धाडस होत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट. आत शिरताना नवऱ्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. गालही एकाच बाजूचा घोटलेला, दुसरीकडे खुंटं तशीच. मी म्हटलं, माणसाने इस्पितळात येताना तरी नीट यावं.

वेल्डरचा पाय प्लास्टरमध्ये, टांगलेला. त्याची बायको उशाशी. मला रडू आवरेना. मी म्हटलं, “भाऊ, माझ्या हातून झालं. तुमच्यापुढे उभं राहायचं तोंड नाही मला.” वेल्डर भला माणूस, म्हणाला, “ताई, जीव आहे ना, मग झालं. पाय काय, जुळेल.”

मग माझा नवरा बोलला. “मला फार वाईट वाटतं. माझ्या डोळ्यांदेखत झालं.”

वेल्डरची बायको उठून उभी राहिली. “असं वाईट वाटतं होय माणसाला? गाडीची वेळ सांगताय का तुम्ही? नसेल वाटत तर बोलू नका, पण थट्टा करू नका आमची.”

तो म्हणाला, “थट्टा करत नाही.” तेही तसंच.

मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. लाजेने मेल्यासारखं झालं. हा माणूस साइटवरच्या मांजरीला काटा लागला तरी हळवा व्हायचा. त्याला हे झालंय तरी काय? एवढा राग? आणि माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्यावर काढायचा?

बुधवार, ११

आज मी बोलू नये ते बोलले.

सकाळी त्याच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. डाव्या हातात नीट धरलंच नव्हतं. सगळीकडे दूध. मी म्हटलं, “वा, फार छान. आणखी एखादं असेल तर तेही पाड.”

तो म्हणाला, “दुसरं पातेलं कपाटात आहे.”

आणि खरंच कपाटाकडे निघाला. मला टोमणा मारता येतो, तसा त्यालाही मारता येतो, हे मला नवीन नाही. पण असा? चेहरा कोरा ठेवून? मग मी सुटले. म्हटलं, तुला मी मोठी क्रेन शिकलेली बघवत नाही. म्हणून तू माझ्यावर ढकललंस. आता मी क्रेन सोडतेच, म्हणजे तुझा जीव निवेल.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तू क्रेन सोडू नको. तू मोठी क्रेन शिक. तुझ्यासारखा हात कोणाचा नाही.”

हे सगळं एका पट्टीत. वर नाही, खाली नाही. मला वाटलं, एवढं कुत्सित बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही. अंगाची आग झाली. मी लेकीला फोन करून सांगितलं, तू शनिवारी ये, मग मी थोडे दिवस मावशीकडे जाऊन राहणार आहे. ती म्हणाली, “आई, बाबाला फोन दे.” दिला. दोन मिनिटं बोलली त्याच्याशी. मग मला म्हणाली, “मी शनिवारी नाही, शुक्रवारीच निघते.”

शनिवार, १४

बॅग भरलेली आहे. दाराशी ठेवली आहे. पण मी जाणार नाही. का ते लिहिते.

लेक काल आली. दिवसभर बापाकडे बघत होती, बोलत कमी होती. आज जेवणं झाल्यावर म्हणाली, “बाबा, चल, उलटा खेळ खेळू.”

हा आमच्या घरचा खेळ. ती लहान असताना तिनेच काढलेला. शब्द एक म्हणायचा आणि आवाज त्याच्या उलट काढायचा. ‘मुंगी’ दांडग्या आवाजात, ‘डोंगर’ बारीक आवाजात, ‘पटकन’ लांबवून, ‘वर’ उतरवून. ज्याला जमलं नाही तो हरला. मला निम्म्या वेळा जमायचं. लेकीला बहुतेक वेळा. नवऱ्याला कधीच जमलं नाही, इतक्या वर्षांत एकदासुद्धा. ‘डोंगर’ म्हटलं की याचा आवाज डोंगराएवढा झालाच. मग तो स्वतःवरच हसत सुटायचा. लेक म्हणायची, बाबाच्या तोंडातून शब्द नाही, वस्तूच बाहेर पडते.

मला वाटलं, पोरगी समेट घडवायला बघतेय. मी भिंतीला टेकून बसले, हाताची घडी घालून.

ती म्हणाली, “डोंगर, बारीक आवाजात.”

तो म्हणाला, “डोंगर.”

“मुंगी, मोठ्या आवाजात.”

“मुंगी.”

“आता खेळ सोड. नेहमीसारखं म्हण. डोंगर. जसा तू म्हणतोस तसा.”

“डोंगर.”

“वर.”

“वर.”

“खाली.”

“खाली.”

सगळे एकसारखे. एकच उंची, एकच लांबी. माझ्या हाताची घडी आपोआप सुटली. इस्त्री फिरवल्यासारखा आवाज. तो रागाने असं करत असता तर कुठेतरी, एका तरी शब्दात, राग दिसला असता. रागालाही चढउतार असतो. इथे तोही नव्हता.

लेक पांढरीफटक पडली होती. म्हणाली, “बाबा, तुला ऐकू येतंय का, की सगळं सारखं येतंय?”

तो म्हणाला, “मी म्हणतोय तसंच. वर म्हणताना वर नेतोय.”

मग लेकीने त्याला दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा राहिला. डावा हळूहळू खाली आला आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

“आई,” लेक म्हणाली, “हा रुसलेला नाहीये.”

आम्ही आता इस्पितळात निघतोय. ती गाडी आणायला गेली आहे. तो खुर्चीवर बसलाय, मी समोर बसून लिहितेय, नाहीतर मी ओरडेन.

सोमवार, १६

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी. अपघाताच्या आधीच्या रविवारी डोकं दुखत होतं, तेव्हाच झालेलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. शब्द मेंदूच्या एका बाजूला असतात, बहुतेकांचे. ते शाबूत आहेत. शब्दांना जो चढउतार लागतो, लांबी लागते, तो पुष्कळसा दुसऱ्या बाजूचा. तो गेला. डाव्या बाजूकडे लक्षही जात नाही, म्हणून ताटातलं डावीकडचं राहतं, गाल राहतो, दार लागतं. आणि दुसऱ्याच्या आवाजातलाही चढउतार त्यांना आता नीट कळत नाही. “तुम्ही चिडून बोललात की प्रेमाने, त्यांना नुसता शब्दच पोचतो,” त्या म्हणाल्या.

मला दुधाचं पातेलं आठवलं. मी ‘आणखी एखादं पाड’ म्हटलं होतं आणि तो कपाटाकडे निघाला होता.

मी विचारलं, “त्याला आतून काही वाटत नाही का?”

“वाटतं. पूर्वीइतकंच वाटत असेल. ते आवाजात उतरत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

मी म्हटलं, “मला वाटलं तो रुसलाय.”

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या काही तासांत फरक पडतो, त्यानंतर फारसा नाही. म्हणजे त्या रविवारीच. त्या रविवारी मी त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं, रुसलाय तर रुसू दे म्हणून.

आवाज परत येईल का, असंही विचारलं. थोडा येईल, म्हणाल्या, सरावाने. पूर्वीसारखा नाही.

मी वॉर्डात गेले. तो जागा होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, तिथे मी त्याला दिसते. तो म्हणाला, “तू रडतेस. मला दिसतंय. रडू नको.” मी डोळे मिटले आणि शब्द तेवढे ऐकले. किती साधं होतं. इतके दिवस तो हेच तर बोलत होता. तुला लागलं नाही ना. मी घाबरलो होतो. तुझ्यासारखा हात कोणाचा नाही. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही मी ऐकला नव्हता. परांचीवरही तेच झालं. मी शब्दाची वाट बघतच नव्हते. चढाची वाट बघत होते.

गुरुवार, १९

सेफ्टीवाल्या साहेबांकडे जाऊन आले. डॉक्टरांचा कागद दिला. ते बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी ते बोलणं पुन्हा लावलं. आता त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण मधेच त्यांनी बंद केलं.

“म्हणजे चूक कोणाची लिहू?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, खोचून नाही.

मी म्हटलं, “शब्द बरोबर होता. मी परत म्हटला नाही. म्हटला असता तर माझं मलाच ऐकू आलं असतं. माझी लिहा.”

ते म्हणाले, “काल इस्पितळात तुमच्या मिस्टरांना भेटलो. ते म्हणाले, तिला माझा आवाज पोचला नाही, माझी चूक लिहा. तुम्ही दोघं मला धड कामही करू देत नाही.”

आजाराची नोंद झाली. मी पुन्हा परीक्षा द्यायची, आणि यापुढे शब्द परत म्हटल्याशिवाय कोणीही लिव्हर हलवायचा नाही, कितीही वर्षांची ओळख असली तरी. नवऱ्याला सिग्नलचं काम पुन्हा मिळणार नाही. साहेब हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. मला ते आधीच माहीत होतं. भोंगा गेला. साइटवरून म्हणत नाही मी. जगातून गेला तो आवाज.

वेल्डरकडेही गेले. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. ती तोंडावर हात घेऊन बसली. मग एवढंच म्हणाली, “मी किती टाकून बोलले त्यांना.” मी म्हटलं, बाई, तू एकदाच बोललीस.

सोमवार, ३०

परीक्षा पास झाले. आज कामावर परत. बंदरावरच्या मोठ्या क्रेनसाठीही नाव दिलंय, त्यानेच द्यायला लावलं.

नवी सिग्नलवाली तिशीची आहे, बोलते मोजकं. ती ‘वर’ म्हणाली की मी ‘वर’ म्हणते, मग हात हलवते. दिवसभर शब्द परत म्हणून म्हणून घसा बसला. पण ओझी जागच्या जागी उतरली.

लिहायचं ते सकाळचं आहे. तो घरी येऊन आठवडा झाला. लेक रोज त्याला सराव करायला लावते. ‘वर’ म्हणताना आवाज किंचित हलतो, असं ती म्हणते. मला अजून ऐकू येत नाही, मी खोटं बोलत नाही. मी निघाले तर तो गॅलरीत येऊन उभा राहिला. आज तो वर होता आणि मी खाली, रस्त्यावर.

तो वरून म्हणाला, “सांभाळून जा.” पाटी वाचल्यासारखं. मी शब्द ऐकला आणि मान हलवली. पण पाऊल उचलेना. इतक्या उंच चढायचं आणि कानात तो आवाज नसणार, याची मला भीती वाटत होती. ती माझ्या आवाजात असेलच, पण त्याला ती कळण्यातली नाही, म्हणून मी सरळ सांगितलं, “मला भीती वाटतेय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे काढला आणि बोट आभाळाकडे करून गोल फिरवलं. वर. मग तो थांबला. मान वळवून खाली स्वतःच्या डावीकडे बघू लागला, काहीतरी सांडलेलं शोधावं तसा. डावा हात कठड्याशी नुसता लोंबत होता. तो त्याला सापडला. त्याने तो उचलला, पडला, पुन्हा उचलला. फिरणाऱ्या बोटावर तो पंजा आणून धरला आणि दात आवळून तसाच धरून ठेवला, न हलवता.

मी खालून मोठ्याने म्हटलं, “वर. सावकाश.” नियमच आहे, परत म्हणायचा.

मग मी निघाले. कोपऱ्यावर वळून बघितलं, तर पंजा अजून खाली आला नव्हता.